चंचलतेचा वारसा आणि आईवरचा ठपका

चातुर्मासातल्या रविवारी सकाळी स्थानकात पाठशाळेची मुले सामायिकाला बसतात. अवधी दोन घटिकांचा, म्हणजे 48 मिनिटांचा. बहुतेक मुले कुजबुजत, चुळबुळत का होईना, तो पार पाडतात. त्यांतला एक नऊ वर्षांचा मुलगा मात्र सातव्या मिनिटाला आसनाचा कोपरा उसवू लागतो, दहाव्या मिनिटाला शेजाऱ्याची माळ त्याच्या हातात असते आणि विसाव्या मिनिटाला तो दारापाशी उभा असतो. शाळेतही तीच तक्रार. गणित येते, पण उत्तरपत्रिकेचे शेवटचे पान कोरे. डबा विसरतो, वही विसरतो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देऊन मोकळा होतो. घरी आल्यावर आजी सुनेला म्हणते, ‘‘तूच लाडावून ठेवलेस त्याला. मुलाला वळण लावणे आईच्याच हातात असते.’’ आजोबा गादीवर बसल्या बसल्या हसून म्हणतात, ‘‘याचा बाप तरी वेगळा होता काय? पाचवीत असताना शाळेच्या खिडकीतून उडी मारून दुकानात आला होता.’’ बाप त्या वेळी एका कानाला फोन लावून, अर्धा चहा तसाच टाकून, गोदामाची किल्ली शोधत असतो. ती त्याच्या खिशातच असते.

ही दोन्ही वाक्ये एकाच खोलीत, एकाच क्षणी बोलली जातात. त्यांची सांगड मात्र कोणी घालत नाही. हे घर कोणत्या गावातले, हे सांगण्याचे कारण नाही. पुणे, अहिल्यानगर, जळगाव, जालना, कोणत्याही बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत ते सापडेल. वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत आजोबांच्या वाक्याला भरभक्कम आधार मिळवून दिला आहे. आजीच्या वाक्याला तसा आधार मिळालेला नाही.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक खोडकर मूल विकारग्रस्त नसते. अवधान टिकवण्याची असमर्थता, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांच्या ज्या समूहाला एडीएचडी हे नाव मिळाले, त्याचे निकष अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या सूचीत स्पष्ट दिलेले आहेत. अवधानाची नऊ व चंचलता-उतावीळपणाची नऊ, अशी लक्षणांची दोन गटांत विभागणी आहे. मुलामध्ये कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने तरी टिकून असली पाहिजेत. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत. ती केवळ घरी किंवा केवळ शाळेत नव्हे, तर किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होत असावे. जे मूल फक्त पाठशाळेत कंटाळते आणि इतरत्र स्वस्थ असते, त्याच्या बाबतीत पाठशाळेचाच विचार करणे बरे. जगभरच्या पाहण्यांतून या विकाराचे प्रमाण मुलांमध्ये साधारण पाच टक्के येते. त्याचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही, मेंदूच्या चित्रानेही होत नाही. आईवडिलांशी व शिक्षकांशी सविस्तर बोलून, मुलाला पाहून, जाणकार डॉक्टर ते करतात.

हल्ली दुसरा आरोपी म्हणजे मोबाइल. त्याच्या अतिरेकाने झोप व अभ्यास बिघडतो, हे खरेच. परंतु लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर तीन व्याख्याने दिली ती 1902 साली. तेव्हा मोबाइल नव्हता, दूरदर्शन संच नव्हता, रेडिओही घरोघरी पोहोचला नव्हता. बुद्धी शाबूत असून लक्ष टिकत नाही, आवेग आवरत नाही, अशा मुलांची त्यांनी तपशीलवार वर्णने केली. त्यांतली काही मुले चांगल्या संगोपनाच्या घरांतली होती, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

कुटुंबाकडे पद्धतशीरपणे पाहण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. 1971 साली अमेरिकेत मॉरिसन व स्ट्यूअर्ट या संशोधकांनी अतिचंचल मुलांच्या आईवडिलांची चौकशी केली. इतर मुलांच्या पालकांच्या तुलनेत या पालकांपैकी बरेच अधिक जण स्वतः लहानपणी तसेच होते, असे आढळले. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. बाप धांदरट असेल, तर घरही धांदलीचे असणार आणि अशा घरात वाढलेले मूल तसेच होणार, असा आक्षेप कोणीही घेऊ शकतो. म्हणून दोन वर्षांनी त्यांनी दत्तक गेलेल्या अतिचंचल मुलांची कुटुंबे तपासली. ज्यांनी त्यांना वाढवले, त्या दत्तक मातापित्यांमध्ये ते प्रमाण वाढलेले दिसले नाही. मूल ज्यांच्या घरात वाढले त्यांच्याशी नव्हे, तर ज्यांच्या रक्ताचे होते त्यांच्याशी विकाराचे नाते असल्याचे यावरून सूचित झाले.

मग आली जुळ्यांची पाहणी. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत साम्य साध्या भावंडांइतकेच असते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली, बहुधा एकाच शाळेत वाढतात. विकार जर संगोपनातून येत असता, तर दोन्ही प्रकारांत त्याचे प्रमाण जुळायला हवे होते. तसे होत नाही. एकबीज जुळ्यांत ते कितीतरी अधिक जुळते. फॅरोन व लार्सन यांनी अशा 37 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा आनुवंशिकतेचा सरासरी वाटा 74 टक्के निघाला. हा आकडा उंचीच्या आनुवंशिकतेच्या जवळपासचा आहे.

हिशेबात मुरलेल्या वाचकांनीही या 74 आकड्यापाशी क्षणभर थांबावे, कारण तो चुकीचा वाचला जातो. बापाला विकार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता 74 टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या विशिष्ट मुलाच्या चंचलतेतला पाऊण भाग जनुकांचा व पाव भाग घराचा, असाही नाही. मोठ्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांतील फरकांनी समजावून देता येतो, इतकेच तो सांगतो. उंची बव्हंशी आनुवंशिक असते. तरीही आहार सुधारल्यावर जपानमध्ये एका शतकात सरासरी उंची वाढली, जनुके तीच राहून. आनुवंशिक म्हणजे अटळ, असे समीकरण मांडणारा मनुष्य भांडवल आणि नफा यांत गल्लत करतो आहे.

या जनुकांचा शोध जेव्हा संपूर्ण जनुकसंचावर घेतला गेला, तेव्हा विवाहाची स्थळे जुळवणाऱ्या प्रत्येक घराने नीट ऐकावी अशी गोष्ट उजेडात आली. डेन्मार्कमधील डिट्टे डेमोंटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली, वीस हजारांवर रुग्णांच्या माहितीवरून, विकाराशी निगडित अशी जनुकसंचातील बारा स्थाने दाखवली. 2023 मध्ये रुग्णसंख्या अडतीस हजारांवर गेली तेव्हा स्थाने सत्तावीस झाली. त्याच अभ्यासातील अनुमानानुसार या विकारामागे सुमारे सात हजार लहान लहान जनुकीय भेद आहेत. त्यांतला एकेक इतका क्षीण की एकट्याने काहीच घडत नाही. हे भेद कोणा एका घराण्यात साठलेले नसतात. ते सर्व माणसांत विखुरलेले असतात. कोणाकडे थोडे, कोणाकडे अधिक. पुष्कळ एकत्र आले, त्यांत काही प्रतिकूल परिस्थितीची भर पडली, की विकार प्रकट होतो. तेव्हा ‘त्यांच्या रक्तात खोट आहे’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या स्वतःच्या रक्तातही त्या सात हजारांपैकी काही हजार असणारच.

प्रतिकूल परिस्थिती कोणती, याचीही बरीच माहिती आहे. अपुऱ्या दिवसांत जन्म, जन्मतः अत्यल्प वजन, शरीरात शिशाचा शिरकाव, या गोष्टींशी विकाराचा संबंध वारंवार दिसला आहे. घोर उपेक्षेचे उदाहरण रुमानियाचे आहे. तेथील राजवट 1989 मध्ये कोसळल्यावर अनाथालयांतील अनेक मुले ब्रिटनमधील कुटुंबांनी दत्तक घेतली. ज्यांनी आयुष्याचे पहिले सहा महिने किंवा अधिक काळ त्या अनाथालयांत काढला होता, त्यांच्यापैकी अनेकांत प्रेमळ घर मिळूनही अवधानाचे दोष तरुणपणापर्यंत टिकले. पण ती उपेक्षा म्हणजे माणसाचा स्पर्शही न मिळणे. नातवाला जादा लाडू देणारी आई आणि ते अनाथालय यांची तुलना होऊ शकत नाही.

लाडवांचा उल्लेख निघालाच आहे, तर साखरेचेही सांगितले पाहिजे. लग्नघरी मिठाई खाऊन मुले पिसाळतात, असा समज सर्वत्र आहे. 1995 मध्ये यासंबंधीच्या नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसून आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात साखर न देताच आईला ‘दिली आहे’ असे सांगितले, तर तिला आपला मुलगा अधिक चंचल वाटू लागला. दातांसाठी मिठाई बेताने द्यावी, हे निराळे.

आता पुन्हा आईकडे. अशा मुलाची आई रागीट असते, सतत ओरडते, सतत सूचना देते, हे निरीक्षण खोटे नाही. प्रश्न इतकाच की ओरडण्याने मूल चंचल होते, की चंचल मुलामुळे आई ओरडू लागते? रसेल बार्कली व चार्ल्स कनिंगहॅम यांनी 1979 साली हे प्रयोगाने तपासले. मुलांना काही काळ मेथिलफेनिडेट हे औषध व काही काळ दिसायला तशीच निष्प्रभ गोळी दिली आणि आई व मूल यांच्यातील व्यवहार टिपला. औषधाच्या काळात मुले सांगितलेले अधिक ऐकू लागली. त्यासरशी आईच्या आज्ञा कमी झाल्या, तिचे लक्ष मुलाच्या चांगल्या वागण्याकडे जाऊ लागले. आईला कोणी काही शिकवले नव्हते. तिला दिवसभर ओरडायला लावणारे कारण कमी झाले, एवढेच घडले. एकत्र कुटुंबात जी सून सासूपुढे, जावांपुढे, पाठशाळेच्या शिक्षिकेपुढे वर्षानुवर्षे मान खाली घालून उभी राहते, तिला हा प्रयोग कोणीतरी वाचून दाखवायला हवा. किंबहुना तिला नव्हे, सासूला.

म्हणजे घराचा काहीच प्रभाव नाही, असे मात्र नाही. विकार होणे न होणे बव्हंशी वारशावर असले, तरी तो घेऊन जगणे कसे होईल, हे घरावर पुष्कळ अवलंबून असते. सतत मार, अपमान आणि इतर भावंडांशी तुलना यांत वाढलेल्या अशा मुलाचे चंचलपण पुढे उद्धटपणाकडे व भांडणाकडे झुकते, हा अनुभव चिकित्सकांना नित्याचा आहे. उलट, ठरलेली वेळ, छोटी कामे, एका वेळी एकच सूचना आणि चांगले वागल्यावर तत्काळ शाबासकी यांनी त्याच मुलाचा दिवस सुसह्य होतो. म्हणून लहान वयात, सहा वर्षांच्या आत, पहिला उपाय औषधाचा नसून पालकांच्या प्रशिक्षणाचा मानला जातो.

येथे वारसा पुन्हा आडवा येतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, ज्या आयांमध्ये स्वतःतच या विकाराची लक्षणे ठळक होती, त्यांच्या मुलांना पालक-प्रशिक्षणाचा फारसा लाभ झाला नाही. कारण समजण्यासारखे आहे. रोज सात वाजता अभ्यास, असा नियम करायचा तर तो आधी मोठ्या माणसाच्या लक्षात राहावा लागतो. जे आईचे, तेच बापाचे. पण बापाकडे कोणी पाहत नाही, कारण त्याचे दुकान चालते. दुकानाचे स्वरूपच असे की त्यात दर पाच मिनिटांनी नवे गिऱ्हाईक, नवा फोन, नवा भाव. चंचल माणूस तेथे रमतो आणि त्याच्या चपळाईचे कौतुकही होते. वसुलीच्या नोंदी राहतात, जीएसटीचे विवरण शेवटच्या रात्रीपर्यंत लांबते, दंड भरावा लागतो, वाहनाला दर वर्षी कोठेतरी धक्का बसतो. हे सर्व मुनीमजी आणि पत्नी सांभाळून घेतात. त्याच्या हातात शाळेचे प्रगतिपुस्तक कोणी देत नाही. मुलाच्या निमित्ताने बापाची तपासणी झाली आणि वयाच्या चाळिशीत त्याला आपल्या आयुष्याचा अर्थ लागला, असे प्रसंग चिकित्सकांच्या दालनात दुर्मीळ नाहीत. प्रौढांसाठीही उपचार आहेत.

घरातली मुलगीही अशीच नजरेआड राहते. मुलींमध्ये चंचलतेपेक्षा अवधानाचा दोष अधिक दिसतो. ती कोणाला त्रास देत नाही. खिडकीबाहेर पाहत बसते, पुस्तकाचे तेच पान चार वेळा वाचते, आणि ‘मंद आहे बिचारी’ म्हणून सोडून दिली जाते. ज्याला विकार आहे त्याच्या भावंडांना व पालकांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. येथे समाजातील एक विचित्र व्यवहार दिसतो. भावाचे निदान कशासाठी दडवायचे, तर बहिणीच्या स्थळाला बाधा येऊ नये म्हणून. पण कदाचित त्या बहिणीलाही उपचाराची गरज असते. तीही मग औषधाविना, दोष डोक्यावर घेऊन सासरी जाते, आणि तेथे दूध उतू गेले, किराण्याची यादी हरवली, की तिच्या माहेरच्या संस्कारांचा उद्धार होतो.

निदान दडवण्याची किंमत मोजता येते. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या 2014 च्या अभ्यासात, या विकाराच्या पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन-अपघातांचे प्रमाण बरेच कमी आढळले. सोळाव्या वर्षी गाडी हाती घेऊन बाजारातून सुसाटणाऱ्या मुलांच्या पालकांना याहून अधिक सांगायला नको. शिक्षणाचेही तसेच. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती 1996 पासून आहेत आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचा त्या कायद्याच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. पण या मुलांपैकी अनेकांना वाचन-लेखनाची किंवा गणिताची अक्षमताही असते. तपासणीच झाली नाही, तर तिचा पत्ता लागत नाही आणि दहावीची परीक्षा निघून जाते.

काही घरांत ‘पूर्वकर्म’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. जैन कर्मसिद्धान्ताचा हा अर्धाच पाठ झाला. कर्माचा उदयही द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव यांच्या निमित्ताने होतो आणि पुरुषार्थाने त्याच्या स्थितीत व तीव्रतेत फेर पडतो, हे पाठशाळेतच शिकवले जाते. ताप आलेल्या मुलाला कर्म म्हणून कोणी औषधावाचून ठेवत नाही.

औषधासंबंधी दोन गोष्टी, ज्या डॉक्टरांना बहुधा सुचत नाहीत. मेथिलफेनिडेटने दिवसा भूक मंदावते आणि औषधाचा अंमल ओसरल्यावर, सायंकाळी, ती परत येते. ज्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नसते, तेथे भूक लागण्याच्या वेळीच स्वयंपाकघर बंद होते आणि महिन्याभरात मुलाचे वजन उतरते. दोष औषधावर जातो. सकाळी गोळीच्या आधी भरपेट न्याहारी आणि सूर्यास्ताआधी अंमल ओसरेल अशी मात्रेची वेळ, याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. हिवाळ्यात दिवस लहान होतो तेव्हा पुन्हा बोलावे. पर्युषणात मुलाला उपवास करायचा असेल तर तेही आधी विचारावे. दुसरे असे की कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. या विकारावरचे अ‍ॅटोमॉक्सेटीन कॅप्सूलच्या रूपात मिळते. पर्यायाची चौकशी जरूर करावी, परंतु आवरणाचे कारण पुढे करून परस्पर औषध बंद करू नये.

पहिल्या भेटीला जाताना मुलाची प्रगतिपुस्तके, शिक्षकांचे शेरे आणि सामायिकात, दुकानात, जेवताना तो कसा वागतो याच्या दोन-चार ओळींच्या नोंदी सोबत घ्याव्यात. आई एकटी नको. बापानेही जावे, फोन बंद करून. डॉक्टर हमखास विचारतील की घरात आणखी कोणी लहानपणी असे होते काय. शक्य असेल तर आजोबांनाही न्यावे. खिडकीतून उडी मारल्याची गोष्ट त्यांच्याइतकी नीट दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.